आत घ्यायचं काहून?

आमच्या थोरल्या बाईंच्या घरात डोळ्यांना फडकं बांधून फिरलं तरी पायाला काही लागलं नसतं. काड्यापेटी चुलीच्या डाव्या हाताच्या देवळीत. विळी तिच्या खाली, पातं भिंतीकडे करून. तेलाची बुधली, मिठाची बरणी, पाण्याचा तांब्या, सगळ्यांना ठरलेली जागा. वस्तू चार बोटं सरकली तर बाई परसातून ओरडत, "काड्यापेटीला पाय फुटले का गं?" त्यांना तिथून कसं कळायचं देव जाणे. तीन खोल्या, एक पडवी, पुढं अंगण आणि त्यात मोजकं सामान. मोजकं म्हणजे गरिबीनं नव्हे. थोरले भाऊजी तहसील कचेरीत कारकून होते, खाऊनपिऊन सुखी घर होतं. पण नको ती वस्तू घरात दिसली की बाईंच्या कपाळाची शीर उठायची.

हे मी कौतुकानं सांगते आहे असं वाटत असेल तर जरा थांबा. दहा वर्षं मी या बाईवर जळत होते. तोंडानं "व्हय बाई, न्हाई बाई" चालायचं आणि मनात भांडण चालायचं. अजूनही काड्यापेटी उचलताना कधी कधी माझा जीव संतापतो.

बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी कळमनुरीच्या त्या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. सासूसासरे आधीच गेलेले, त्यामुळे सासूचा दराराही बाईंकडेच. माझं माहेर औंढ्याचं. नागनाथाच्या देवळापुढं वडलांचं हळदकुंकवाचं आणि कापराचं दुकान होतं. आमच्याकडे वस्तू टाकायची म्हणून नसे. फुटका तांब्या, दांडा मोडलेली पळी, एका बाजूनं जळालेला पाट, सगळं "असू दे, लागंल कधी" म्हणत माळ्यावर जायचं. आई माळ्यावर चढली की अर्धा दिवस खाली उतरायची नाही, आणि जे आणायला गेली ते सोडून भलतंच घेऊन यायची. तिथून मी या घरात आले. आंदणाची भांडी पडवीत मांडली होती. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे: "तीन पराती? कणीक एक, हात दोन. तिसरी काय देवळात टांगायची?"

दोन पराती तिसऱ्या दिवशी घराबाहेर गेल्या. एक भाऊजींच्या कचेरीतल्या शिपायाच्या मुलीच्या लग्नात, एक कुठं ते मला सांगितलंही नाही. वर बाई म्हणाल्या, "तुझीच हाय म्हणून दुवा तुलाच लागंल." दुवा! मला परात हवी होती.

आमच्या भागात नवरात्र बसायच्या आधी 'दसरा काढतात'. घरातलं सगळं सामान अंगणात येतं. अंथरुणं ओढ्यावर धुवायला जातात, भांडी चिंचेनं आणि राखेनं घासतात, भिंती सारवतात आणि मग सामान पुन्हा आत जातं. सगळ्यांच्या घरी जितकं बाहेर येतं तितकंच आत जातं, थोडी धूळ कमी होऊन. आमच्या घरी तसं नव्हतं. सारवण वाळलं की बाई पदर खोचून उंबरठ्यावर उभ्या राहायच्या आणि एकेक वस्तू उचलून विचारायच्या, "हे आत घ्यायचं काहून?" ज्याला ती हवी असेल त्यानं उत्तर द्यायचं. उत्तर पटलं तर वस्तू आत, नाही तर फाटकाजवळच्या ढिगात. ढीग संध्याकाळच्या आत वाटून मोकळा. गल्लीत त्यांना दसरेबाई म्हणत, कारण हा सोहळा त्या वर्षात चारदा तरी करायच्या. समोरच्या काशीबाईंनी एकदा मुद्दाम विचारलं, "दसरेबाई, येवढी कशापायी तकलीफ घेता?" बाई म्हणाल्या, "झाडायला सोपं पडते." यापेक्षा मोठं कारण त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

माझ्या लग्नानंतर चार महिन्यांनी आई गेली. तापाचं निमित्त. मी तिच्या दिवसांना औंढ्याला गेले आणि परत निघताना वडलांनी माळ्यावरून नव्हे, चुलीपासून उचलून तिची काठवट माझ्या मांडीवर ठेवली. भाकरी थापायची लाकडी काठवट. मधून चिरलेली, चिरेवर पत्र्याची पट्टी ठोकलेली. काठाला आईच्या तळहाताची गोलाई पडलेली होती. "तिच्या हातची हाय. राहू दे तुला," वडील म्हणाले. बैलगाडीत कळमनुरीपर्यंत मी ती मांडीवरून खाली ठेवली नाही. घरी आल्यावर मात्र गपचूप चुलीमागं ठेवून दिली. बाईंना वाटलं, बापानं आणखी एक भांडं लेकीच्या गाडीत घातलं. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी दसरा आला.

अंगणात घरची माणसं, सारवणाला आलेली गयाबाई, काशीबाई, गल्लीतल्या आणखी दोघीतिघी. बाईंनी आधी सासऱ्यांच्या जुन्या खडावा उचलल्या. एकीची खुंटी मोडलेली. "ह्या आत घ्यायच्या काहून?" थोरले भाऊजी ओट्यावरून म्हणाले, "बघितल्या की दादांची चाल आठवते." बाईंनी खडावा पदरानं पुसल्या आणि स्वतः देवघरात नेऊन ठेवल्या. मला आठवतं, तेव्हा मला केवढा धीर आला होता! एवढंच तर सांगायचं होतं. माझ्या आईची आहे. तीन शब्द.

मग त्यांनी काठवट उचलली. उलटी केली, पट्टीवर नख वाजवलं. "हिच्यातून पाणी गळते. मथुरे, ही तुझी ना? आत घ्यायची काहून?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. समोर थोरले भाऊजी बसलेले. मी घरात येऊन सहा महिने झालेली सून, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. पाठवणीच्या वेळी आईनं हजारदा बजावलं होतं, "थोरल्यांनी काही इचारलं तर खाली मान घालायची, उत्तर द्यायचं न्हाई." मी खाली मान घातली. आईच्या शिकवणीनंच आईची काठवट घालवली. बाई थोडं थांबल्या, खरंच थांबल्या, हे मी नाकारत नाही. मग म्हणाल्या, "न्हाई ना? मंग गयाला देऊ. तिची परवा फुटली." गयानं काठवट डोक्यावर घेतली आणि ती हसत निघून गेली. तिचं काय चुकलं? ती मला म्हणाली, "देव बरं करो वैनी तुमचं."

त्या दिवसापासून माझ्या मनात जे पेटलं ते विझलं नाही. वेशीकडच्या विहिरीवर जाताना गयाचं घर वाटेवर लागायचं. दारात बसून ती भाकरी थापत असायची. थप थप थप. तो आवाज मी झोपेत ओळखला असता. मी मान वळवून जायची आणि घरी येऊन बाईंनी नेमून दिलेल्या जागेवर घागर इतकी जोरात आदळायची की एकदा तिला पोचा आला. बाई म्हणाल्या, "घागरीनं काय केलं तुझं?" आता बोलावं असं कितीदा तरी तोंडाशी आलं. पण पहिल्या दिवशी गिळलेला शब्द पुढं रोज जड होत जातो. महिन्यानं सांगितलं तर म्हणतील, महिनाभर काय केलंस. वर्षानं सांगितलं तर म्हणतील, उकरून काढते. मी मूग गिळून बसले आणि त्यांच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढत राहिले.

खोट काढायला त्या जागाही द्यायच्या. बाळंतपणाला माहेर उरलं नव्हतं, म्हणून माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली. पहिल्या वेळी दुपटी कमी पडली. बाईंकडे लुगडी दोनच, एक अंगावर, एक दोरीवर. त्यांनी दोरीवरचं ओढलं आणि टर्रकन फाडलं. पुढं दोन महिने त्या एकाच लुगड्यावर होत्या, सकाळी ओलं नेसायच्या, अंगावरच वाळवायच्या. एवढ्यावर माझा राग गेला असता तर किती बरं झालं असतं! पण मला वाटायचं, हिला स्वतःचं काही धरून ठेवता येत नाही म्हणून दुसऱ्याचंही ठेवू देत नाही. आणि त्यांची ती वाक्यं! "उतरंडीत काय हाय ते जिला सांगता येत न्हाई, तिनं उतरंड लावू नये." माझ्या माळ्यावर चढणाऱ्या आईला मारलेला टोमणाच वाटायचा मला तो. त्यांनी माझ्या आईला उभ्या जन्मात एकदा, लग्नात पाहिलं होतं.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात आमच्या संस्थानात गडबडीच्या बातम्या रोज येऊ लागल्या. कुठं गाव लुटलं, कुठं घर पेटलं. खरं किती, खोटं किती कुणालाच कळत नव्हतं, पण माणसं पैनगंगा ओलांडून, संस्थानाच्या हद्दीबाहेर, उमरखेडकडे जायला निघाली होती. एक दिवस दुपारी भाऊजी कचेरीतून घाईनं आले आणि म्हणाले, "गाडी सांगितलीय. तासाभरात निघायचं." नदीला पाणी कमी होतं, दिवस असताना पार होणं भाग होतं.

गल्लीत नुसता कल्लोळ. काशीबाईंच्या अंगणात दोघं भाऊ खड्डा खणत होते आणि पितळ कुठलं पुरायचं, कुठलं न्यायचं यावरून एकमेकांच्या अंगावर धावत होते. आमच्याकडे बाईंनी भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात घर बांधलं. प्रत्येक वस्तू कुठं आहे हे ठाऊक, हात जाईल तिथं सापडत होती. मग त्या गाडीच्या चाकाशी उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. तीच मूर्ती, तोच प्रश्न. माझा थोरला, सहा वर्षांचा, लाकडाचा बैल छातीशी धरून आला. बाईंनी विचारलं, "हा गाडीत घ्यायचा काहून?" पोरगं म्हणालं, "त्याला एकट्याला भेव वाटंल." बाईंनी त्याला बैलासकट उचलून गाडीत बसवलं.

आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लेकराचं ऐकता!" मी ओरडले. दहा वर्षांत त्या घरात माझा आवाज कुणी एवढा ऐकला नव्हता. गाडीचे बैलसुद्धा बिचकले. "खडावांचं ऐकलं, बैलाचं ऐकलं. माझंच तेवढं ऐकलं न्हाई!"

"तुझं काय न्हाई ऐकलं?" बाई म्हणाल्या.

"काठवट! गयाला दिली ती काठवट!"

"इचारलं होतं की मी तुला."

"नव्या सुनेला? चार माणसांत, भाऊजींच्या समोर? कोणत्या तोंडानं बोलायचं होतं मी? माझ्या आईची होती ती. मेलेल्या आईची. तुमी तिच्यावर नख वाजवून बघितलं!"

माझा नवरा "अगं, अगं" करत पुढं आला. बाईंनी त्याला हातानं थांबवलं. त्यांचा चेहरा मी तसा पुन्हा पाहिला नाही. त्या हळूच म्हणाल्या, "धा वर्सं बोलली काहून न्हाईस?" मग त्या वळल्या आणि चालू लागल्या, वेशीच्या दिशेनं.

गाडी खोळंबली. भाऊजी उन्हात येरझारा घालत होते, गाडीवान कुरकुरत होता, पोरं रडत होती. मी मनात म्हणत होते, बघा, स्वतःची चूक दाखवली तर रुसून बसल्या कुठल्या तरी देवळात. सगळ्यांचा जीव टांगणीला लावला. बऱ्याच वेळानं त्या परत आल्या. रिकाम्या हातानं, पाय धुळीनं भरलेले. गाडीत चढल्या आणि म्हणाल्या, "हाका." मी त्यांच्याकडे पाठ करून बसले, ती नदी पार होईपर्यंत.

उमरखेडला एका ओळखीच्या माणसाच्या पडवीत आम्ही उतरलो. आणखी दोन कुटुंबं तिथंच. बाईंनी पहिल्याच दिवशी गेरूनं जमिनीवर रेघा ओढल्या. इथं चूल, इथं अंथरुणं, इथं देव. आठवडाभरात ती दुसरी कुटुंबंही "दसरेबाई, आमचा डबा कुठं ठेवू?" असं विचारू लागली. माझ्याशी मात्र त्या कामापुरतंच बोलायच्या आणि मी तेवढंही नाही. एक फरक पडला होता. वस्तू हातात आली की "काहून" म्हणायच्या आधी त्या "ही कोनाची?" असं विचारायच्या. मला ते कळत होतं. मी न कळल्यासारखं करत होते. मला वाटायचं, आता कशाला? गेली ती गेली.

आषाढात बाईंना ताप आला. पडवीत पागोळ्या गळत होत्या, औषधाला वैद्य तेवढा एकच आणि तोही दमलेला. चौथ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. ओठ सुकले होते. म्हणाल्या, "घरी गेलीस की गयाला भेट." एवढंच. मला वाटलं, द्यायघ्यायचं काही राहिलं असेल, आतासुद्धा यांना वाटपच सुचतंय. मी "व्हय" म्हटलं, तेही तुटकपणानं. त्याच दुपारी त्या गेल्या. त्यांच्या मागे दोन लुगडी, एक पितळी करंडा आणि खडावा. खडावा सासऱ्यांच्या. गाडीत त्या स्वतःच्या गाठोड्यात बांधून आणल्या होत्या.

राज्य पालटलं आणि पाऊस ओसरल्यावर आम्ही नावेनं नदी उतरून परतलो. घराला दार नव्हतं. भांडी, पाट, जातं, सगळं गेलेलं. गल्लीत जो तो आठवून आठवून रडत होता, काय होतं आणि काय गेलं. मला आठवावं लागलं नाही. प्रत्येक रिकामी जागा मला तोंडपाठ होती. देवळीत हात घातला तर काड्यापेटी तेवढी सापडली, ओलसर, तिच्याच जागी. ती हातात घेऊन मी जी रडले ती रागानं की कशानं, मला आजही नक्की सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी अंगण झाडत होते तर गया आली. डोक्यावर काठवट.

"बाई कुठं हाईत?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती काठवट मांडीवर घेऊन खाली बसली.

मग तिच्याकडून कळलं. गाडी जुंपून आम्ही खोळंबलो होतो त्या दुपारी बाई तिच्या दारात गेल्या होत्या. "म्हन्ल्या, गया, ती काठवट मला माघारी दे. मला आला राग. दिलेलं कुनी परत मागते व्हय? मी म्हन्लं, देऊ काहून? तुमी सगळ्याईला इचारता ना, आता तुमीच सांगा."

"मग?"

"शेजारपाजार सगळा गोळा झालेला. बाई सगळ्याईसमोर म्हन्ल्या, ती माझ्या जावेच्या आईची हाय. मी इचारलं, पर तिला बोलता येईल असं इचारलं न्हाई. चूक माझी हाय."

दिलेली वस्तू परत मागणं म्हणजे आमच्याकडे नाक कापून घेणं. आणि ज्या बाईंनी उभ्या गल्लीला वस्तू वाटल्या, त्यांनी भर रस्त्यात उभं राहून ती मागितली होती, मजुरी करणाऱ्या गयापुढं.

"अन् तू दिली न्हाईस?"

"देनारच होते वैनी. पर तवा हिच्यात पीठ मळेल होतं. लेकरं भुकेली. मी पीठ काढाया लागले तर बाईंनीच हात धरला. म्हन्ल्या, राहू दे, कामात हाय ती. कामातली वस्तू उचलू नये. आमी माघारी आलो की आणून दे." गयानं डोळे पुसले. "आमीबी रानात पळालो. बाकी सगळं टाकलं. ही डोक्यावर घेऊन पळाले."

मी काठवट घेतली. "तुझ्याकडेच राहू दे" असं म्हणायला हवं होतं, असं पुढं मला काहींनी सांगितलं. म्हणोत. मी घेतली. गयाला पुढच्या वर्षी बाजारातून नवी आणून दिली, पण त्या दिवशी नुसती घेतली आणि छातीशी धरली. चिरेवर नवी पट्टी होती. गयानं बसवलेली.

आणि बाईंचा असा संताप आला मला! दोन महिने आम्ही एका पडवीत, हाताच्या अंतरावर झोपत होतो. एक वाक्य बोलायला काय झालं होतं? "गेले होते मागायला." तीन शब्द. मी नवी सून होते, भेदरलेली होते, माझं समजण्यासारखं आहे. पण साऱ्या जगाला बोलायला लावणारी ही बाई, हिची जीभ तेव्हाच का टाळ्याला चिकटली? सांगितलं असतं तर मी पाठ फिरवून बसले नसते. त्यांच्या तोंडात पाणी घालताना तरी नीट बोलले असते. हे मी त्यांना कधी माफ करणार नाही, आणि स्वतःला तर नाहीच.

आता माझ्या घरात सुना आहेत. दसरा अजून निघतो. उंबरठ्यावर मी उभी राहते. पण काही विचारायचं असलं तर आधी सुनेला आत नेऊन एकटीला विचारते, आणि तिचं उत्तर येईपर्यंत थांबते, मग सारवण वाळून तडकलं तरी चालेल. अंगणात शेवटी काठवट उरते. तिच्यावर आता कुणी भाकरी थापत नाही, पट्टीतून पाणी पुन्हा गळू लागलंय. धाकटी सून दरवर्षी मुद्दाम, हसू दाबून विचारते, "आत्याबाई, ही आत घ्यायची काहून?"

आणि मी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडते, "माझ्या आईची हाय! अन् थोरल्या बाई मागायला गेल्या होत्या तिला!"